सावलीत वाळलेली साल

चूक माझी होती आणि ती मी दुसऱ्याच्या माथी मारली. नवेगाव बांधच्या जंगलातून आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत औषधी साली आणून देणारे एक काका आहेत. ते झाडाच्या एकाच बाजूची हातभर साल काढतात. "पुरं सोललं तं मरंल ना झाड," म्हणतात.

जखम चिघळवणाऱ्या जंतूंवर औषध आम्ही त्यांच्या सालीत शोधत होतो. "सावलीत वाळव, मास्तर," त्यांनी बजावलं होतं. मी घाईत ती ओव्हनमध्ये वाळवली. अर्क निकामी ठरला, तेव्हा विद्यार्थ्यांसमोर म्हणालो, "काका, तुम्ही भलत्याच झाडाची साल आणली."

त्यांनी ओव्हनमधली उरलेली साल नाकाशी धरली. "गाव माह्या हातची दवा घेते, मास्तर," एवढंच म्हणून ते गेले.

पंधरा दिवसांनी घरी सावलीत वाळवलेली साल घेऊन ते परत आले. हळूच म्हणाले, "ह्या खेपेले भाजू नोको. भाकर नोहोय थे."

म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि मुलांसमोर त्यांनी माझी लाज राखली होती.

या वेळी अर्काभोवती जंतू वाढले नाहीत. मी काकांना आणि त्याच विद्यार्थ्यांना बोलावलं आणि काकांपुढे हात जोडले. "काका, झाड बरोबर होतं. साल मी भाजली आणि दोष तुम्हाला दिला. मला माफ करा."