बाळकृष्ण गारठला त्याची गोष्ट

आधी माफी मागते. माझं अक्षर ओळीवर बसत नाही. एखादं वर उडतं, एखादं खाली लोंबतं. ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच कळलं नाही. ओळीत जागा असेल तर दीर्घ काढते, नसेल तर ऱ्हस्व. चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला म्हणून घरी राहिले, ती कायमचीच. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून हे लिहून ठेवते आहे. कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्या. देवाला माझं अक्षर लागतं. त्याची माफी मात्र वेगळ्याच गोष्टीची मागायची होती.

मी इकडे परदेशात, नेपरव्हिलला मुलाकडे, निखिलकडे राहते. माझी सून रिया इकडच्याच शुगर लँड गावात जन्मली आणि तिथेच वाढली. मराठी तिला सगळं समजतं, बोलता अर्धं येतं. मला ती आई म्हणते आणि अगं-तुगं करते, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. तिने बँकेतली चांगली नोकरी सोडली आणि जंगली जनावरांचे फोटो काढायला लागली. तिची आई दर रविवारी फोनवर सांगायची, "अगं, फोटोच काढायचेत तर लग्नातले काढ. तिथे निदान जेवण तरी मिळतं." वर्षभरात कमाई अशी झालीच नाही. मग कॅलेंडरं छापणाऱ्या एका कंपनीने तिला कळवलं की तुमचे फोटो चांगले आहेत, पण त्यात सगळी जनावरं एकटीच. बर्फाच्या डोंगरासमोर आई आणि पिल्लू असा एक फोटो आणा, पुढच्या कॅलेंडरचे बाराही महिने तुमचे. रियाने मनाशी ठरवलं, हा फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर ऑगस्टमध्ये परत बँकेत. अलास्कात जून महिन्यात फोटोवाल्यांची एक लहान बोट जाते, तिच्यात तिने दोन जागा घेतल्या, एक स्वतःची आणि एक निखिलची.

शेवटचा हप्ता भरायची वेळ आली आणि पैसे कमी पडले. निखिलकडून ती घेईना. "इट्स माय थिंग, आई," म्हणाली आणि सगळं कॅन्सल करायला कॉम्प्युटर उघडून बसली. तिचा चेहरा मला बघवेना. मी आत गेले आणि देवघरातला बिस्किटांचा डबा आणून तिच्यासमोर ठेवला.

त्या डब्यात बाळकृष्णाचे पैसे होते. माझ्या आईने लग्नात मला अन्नपूर्णेबरोबर दिलेला पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे, एक हात जमिनीला आणि दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. दर गोकुळाष्टमीला तो बुटांच्या खोक्याला सोनेरी कागद लावून केलेल्या पाळण्यात झोपायचा. त्याला चांदीचा पाळणा करायचा म्हणून मी इथल्या बायकांना पुरणपोळ्या करून देत होते आणि मिळेल ते डब्यात टाकत होते.

"आई, हे देवाचे आहेत," रिया म्हणाली.

"उसने आहेत."

"इंटरेस्ट किती?"

"त्याला विचारून सांगते."

कित्येक दिवसांनी ती हसली. मीही हसले, पण त्याला विचारलं नव्हतं. पैसे घेतानाही विचारलं नव्हतं.

निघायच्या आठवड्यात निखिलच्या ऑफिसात काहीतरी बंद पडलं आणि त्याची रजा गेली. त्याच्या जागेचे पैसे परत मिळणार नव्हते. रिया माझ्याकडे वळून म्हणाली, "यू आर कमिंग. पैसे तू दिलेस, आता तूच लक्ष ठेव." घर बंद करून जायचं असलं की आमच्यात देव तांदळात ठेवून जातात. पण निखिल तर घरीच होता, आणि त्याच्यावर सोडला असता तर बाळकृष्णाला नैवेद्याला कॉर्नफ्लेक्स मिळाले असते. म्हणून मी त्याला लोकरीचं टोपडं विणलं, स्टीलच्या डब्यात घातलं आणि बरोबर घेतलं. विमानतळावर डबा मशीनमधून गेला तेव्हा पोलिसाने तो उघडला, टोपडं बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. रिया म्हणाली, "ही इज विथ अस." त्याने झाकण इतक्या हलक्या हाताने लावलं, जणू आत कुणी झोपलंय.

बोटीवर आम्ही दहाबारा जण होतो. सगळ्यांच्या गळ्यात कॅमेरे, आणि एका गृहस्थांची लेन्स तर एवढी लांब की ती ठेवायला वेगळी खुर्ची लागायची. रिया मला आई म्हणते ते ऐकून सगळ्यांना वाटलं, माझं नावच आई. पांढऱ्या केसांची कॅप्टनबाई डोना मला "गुड मॉर्निंग, आई" म्हणायची. माझ्याहून वयाने मोठे ते लेन्सवाले गृहस्थही "आई, मोर चिवडा?" म्हणून वाटी पुढे करायचे. घरून नेलेला चिवडा त्यांनीच संपवला. जनावर दिसलं की डोना ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करायची. मला मात्र कधी गप्प करावं लागलं नाही. गप्प बसणं गुणात धरतात अशी जागा मला जन्मात पहिल्यांदा भेटली.

पण जनावर दिसायला आधी समोरचं दिसायला हवं. जिथे जाऊ तिथे धुकं. ग्लेशियर म्हणून जो बर्फाचा डोंगर आहे म्हणत, त्याचा फक्त आवाज यायचा. आत कुठेतरी कपाट पडल्यासारखा धाडकन आवाज व्हायचा आणि मग बोट हळूच डुलायची. रिया पहाटेपासून डेकवर उभी राहायची आणि ओली होऊन आत यायची. शेवटून दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि म्हणाली, "इट्स ओके, आई. बँकेत हीटिंग तरी असतं." ते तिने हसत म्हटलं, पण पांघरूण हलत होतं.

तेव्हा मी ते केलं. संकट आलं की आमच्याकडे देव पाण्यात ठेवतात. पाण्याच्या भांड्यात मूर्ती ठेवायची आणि सांगायचं, काम होईपर्यंत बाहेर काढणार नाही. वडिलांच्या तापात माझ्या आईने याच बाळकृष्णाला ठेवलं होतं. आमच्या खोलीत पाणी सांडलं असतं तर रियाचे कॅमेरे भिजले असते, म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, त्याचं टोपडं काढलं, एका वाडग्यात पाणी घालून त्याला त्यात ठेवलं आणि वाडगा कोपऱ्यात सरकवला. म्हटलं, "उद्या तिला फोटो दे, मग काढते." खोलीत परत आल्यावर माझ्या ध्यानात आलं की ज्याचे पैसे देणं लागते, त्यालाच मी थंड पाण्यात बसवून वर आणखी काम सांगून आले आहे. सावकाराशी असं कुणी वागत नसेल. पण रियाचं पांघरूण अजून हलत होतं, म्हणून मी परत गेले नाही.

सकाळी वाडगा जागेवर नव्हता.

मी सगळे कोपरे बघितले. स्वयंपाकी हँक, मोठ्या दाढीचा, भला माणूस, अंडी फेटत होता. त्याला इंग्रजीत काय विचारायचं? देवाला इंग्रजीत 'गॉड' म्हणतात हे मला माहीत आहे, पण 'माझा गॉड कुठे आहे' असं सकाळी सकाळी कुणाला कसं विचारणार? मी हाताने वाडगा दाखवला, त्याने मला ओटमील दिलं. मी मान हलवली, त्याने वर मध घातला. शेवटी लाज गिळली, पदर खोचला, स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघ्यांवर बसले, एक हात जमिनीला टेकला, दुसरा वर धरला, आणि रांगले.

नेमकी त्याच वेळी सगळी मंडळी चहाला आली. कुणीतरी म्हणालं, बाईंना बोट लागली. कुणी पिशवी आणायला धावलं. लेन्सवाले गृहस्थ माझ्यासमोर वाकून म्हणाले, "ब्रीद, आई, ब्रीद." इतक्यात रिया आली. "आई! व्हॉट आर यू डुइंग?"

"बाळकृष्ण!" एवढंच मी म्हणू शकले.

हँकने माझा वर धरलेला हात बघितला आणि त्याचे डोळे चमकले. "ओह! द बेबी!" म्हणत त्याने फ्रीझर उघडला.

तो रोज सरबतासाठी बर्फाचे गोळे करायचा आणि त्यांत शोभेला बेरी घालायचा. आदल्या रात्री वाडगा बघून त्याला वाटलं, आईही तसंच काहीतरी खास करते आहे, आणि फ्रीझरमध्ये ठेवायला विसरली. बिचाऱ्याने मदत केली होती. वाडगाभर पांढऱ्या बर्फात माझा बाळकृष्ण बसला होता. लोण्याच्या गोळ्याचा हात तेवढा बाहेर, वाचवा म्हणून वर केल्यासारखा.

रिया इतकी हसली की खाली बसली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हसू आवरून उठली. हँक गरम पाणी आणायला धावला, कुणी मायक्रोवेव्ह म्हणालं, कुणी हातोडी. मी ओरडले, "नो!" त्या बोटीवर मी मोठ्याने बोललेला हा पहिला इंग्रजी शब्द. गारठलेल्या लेकरावर कुणी उकळतं पाणी ओततं का?

मागच्या डेकवर इंजिनाचं झाकण आहे, ते कोमट असतं. मी शालीत वाडगा गुंडाळून तिथे जाऊन बसले. बोट चालू असताना तिथे बसायची मनाई. डोना पुढच्या खाडीकडे निघायच्या तयारीत होती. रियाने तिला काय सांगितलं कोण जाणे. ती बाहेर आली, वाडग्यात डोकावली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ओके. बाळ मोकळं झालं की निघू." तिने इंजिन बंद केलं. लेन्सवाले गृहस्थ घड्याळाकडे बघत काहीतरी पुटपुटले. डोना त्यांना म्हणाली, "धुकं इथेही आहे, तिथेही आहे."

मी वाडगा पोटाशी धरला. मनात म्हटलं, बाबा रे, चुकलं माझं. तुझेच पैसे घेतले, तुलाच बुडवलं, वर अट घातली. आता मला काही नको. फोटो नको. रिया बँकेत गेली तरी जेवेल, हसेल, माझी सूनच राहील. तुझे पैसे मी पोळ्या लाटून फेडेन. तू फक्त बाहेर ये. असं म्हणत मी बर्फावर हात फिरवत होते, आणि फिरवता फिरवता निखिल लहान असताना म्हणायची तो पाळणा कधी गुणगुणायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. चार लोकांत मी कधी गायले नव्हते. पण माझं लक्ष वाडग्यात होतं. आधी त्याचं डोकं मोकळं झालं, मग पाठ. तेवढ्यात हाताला ऊन लागलं, पण मी वर बघितलं नाही. आजूबाजूला सगळे एवढे चिडीचूप का, हेही मला कळलं नाही. शेवटी त्याचा गुडघा सुटला, आणि मी त्याला दोन्ही हातांनी वर धरून ओरडले, "आला गं बाई, आला!"

समोर धपकन पाणी उडालं.

मग मी वर बघितलं. धुकं पडद्यासारखं बाजूला झालं होतं आणि समोर निळा बर्फाचा डोंगर, डोळ्यांत न मावणारा. बोटीला जवळजवळ लागून बर्फाची एक लादी तरंगत होती. तिच्यावरून सीलची मादी आणि तिचं पिल्लू माझ्या ओरडण्याने नुकतीच पाण्यात गेली होती. पिल्लाचं मिशावालं गोल डोकं पुन्हा वर आलं, त्याने माझ्या हातातल्या बाळकृष्णाकडे बघितलं आणि परत बुडालं. सगळी बोट माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, झालं, सुनेचं नशीब मीच पळवून लावलं.

रिया डेकवर पालथी पडलेली होती, कोपरं पाण्यात भिजलेली. ती उठली, कॅमेरा माझ्यासमोर धरला. पिल्लू आईच्या पोटाला टेकलेलं, दोघांच्या माना एकाच बाजूला, ऐकत असल्यासारख्या, आणि मागे तो निळा डोंगर. "आई, पाळणा सुरू झाला तेव्हापासून ते इथेच होते," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. तिचं जाकीट ओलं, माझी शाल ओली, मध्ये बाळकृष्ण. लेन्सवाल्या गृहस्थांना मात्र फोटो मिळाला नाही. त्यांच्या एवढ्या लांब लेन्समध्ये फक्त एक मिशी आली. ते स्वतःच हसत सांगत होते.

डोना म्हणाली, वारा फिरला. हँक म्हणाला, इंजिन बंद होतं म्हणून ती जवळ आली. दोघांचंही खरं असेल. मी कुणाशी वाद घालत नाही, मला तो येतही नाही. मला एवढंच माहीत आहे की त्याला कोंडून काम सांगितलं तेव्हा तो गारठला, आणि काही न मागता पोटाशी धरला तेव्हा मी जे नको म्हटलं होतं तेही त्याने देऊन टाकलं. त्या दिवसापासून मी त्याला अट घालत नाही. आणि त्याची आंघोळ कोमट पाण्याने होते, उन्हाळ्यातसुद्धा.

कॅलेंडर छापलं गेलं. जून महिन्यावर ती मायलेकरं आहेत. रियाची आई आता रविवारी विचारते, "जुलैमध्ये कोण आहे गं?" रिया बँकेत गेली नाही. पैसे येतील तसे ती देवघरात जाऊन डब्यात टाकत राहिली, मला न सांगता, पण झाकणाचा आवाज मला ओट्यापाशी यायचा. या गोकुळाष्टमीच्या सकाळी तिने मला हाक मारली. बाळकृष्ण खोक्याच्या पाळण्यात होता, टोपडं घालून. तिने राहिलेल्या नोटा डब्यात ठेवल्या आणि वर आणखी एक ठेवली.

"ही कसली?" मी विचारलं. "व्याज तो घेत नाही."

"व्याज नाही, आई. फ्रीझरचं कॉम्पेन्सेशन."

मी ती नोट तिच्या हातात परत दिली, कारण ते देणं माझं होतं, तिचं नव्हतं. माझ्या पोळ्यांच्या पैशांतली एक नोट काढून मी डब्यात टाकली. मग आम्ही दोघींनी मिळून झाकण दाबून लावलं, आणि त्याचं सगळं देणं फिटलं.