गौरी पळाली!

चार मराठी बायका मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. दह्याच्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत हो! अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमची मुलं हायस्कूलमध्ये होती, तेव्हा मी ऑफिसपेक्षा मैदानावरच जास्त असायचे. माझा निखिल आणि साठ्यांची गौरी, दोघं शाळेच्या क्रॉस कंट्री टीममध्ये. क्रॉस कंट्री म्हणजे झाडीतून, चिखलातून, टेकाडं चढून तीन मैल पळायचं. निखिल पळायचा तो नंतरच्या पिझ्झासाठी. गौरी पळायची ती जिंकायला.

आणि तिला जिंकणं भागच होतं. तिचा बाबा विवेक आमच्यासारखाच आयटीवाला, पुण्याचा, ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेला. म्हणजे मुलीच्या कॉलेजला सरकारी मदत नाही, कर्ज नाही, आणि फी मात्र परदेशी विद्यार्थ्याची! विवेक आणि तिची आई सुनंदा यांनी तिला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "पळण्यावर स्कॉलरशिप मिळाली तर इथे. नाही तर पुण्याला आत्याकडे." आठ वर्षांची असताना इथे आलेली पोर ती! तिची सगळी दुनिया इथे.

* * *

आता ही स्कॉलरशिप मिळवून द्यायची कोणी? विवेकचं उत्तर तयार होतं, शाळेने! पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो कोच मिलरकडे गेला. मिलर शाळेत इतिहास शिकवायचे, फार भला माणूस.

"कोच, गौरीच्या स्कॉलरशिपचं कधीपर्यंत होईल?"

पेढा तोंडात टाकत कोच म्हणाले, "मी पळायला शिकवतो. कॉलेजचं काउन्सेलर बघतात."

काउन्सेलरबाई म्हणाल्या, "मी मार्क बघते. पळण्याचं कोच बघतात." प्रिन्सिपॉल म्हणाले, "हे तर घरच्यांनीच बघायचं असतं." घरी आला तर सुनंदा म्हणाली, "मला काय विचारतोस? शाळेत कोण गेलं होतं?"

विवेक वैतागला. "यापेक्षा तलाठी ऑफिस परवडलं! तिथे निदान कोणाचे पाय धरायचे ते तरी माहीत असतं."

जिन्यात बसलेली गौरी इंग्रजीत म्हणाली, "डॅड, कोणी मिळवून देत नसतं. कॉलेजच्या कोचना मीच कळवायचं असतं, मी आहे म्हणून."

विवेक मटकन सोफ्यावर बसला. "म्हणजे मुलीने स्वतःचं स्थळ स्वतःच बघायचं? काय दिवस आलेत!"

* * *

तेव्हा भारतात फोन करायचा म्हणजे कॉलिंग कार्ड. इंडियन ग्रोसरीत कढीपत्त्याशेजारी मिळायचं, आणि त्यावरची मिनिटं कधी संपतील ते देवालाच ठाऊक.

गौरी जिल्ह्याच्या रेसमध्ये पहिली आली. सुनंदाने आनंदाच्या भरात मैदानावरूनच पुण्याला सासूबाईंना फोन लावला आणि ओरडली, "आई, गौरी पळाली!"

आणि कार्ड संपलं.

दुसरं कार्ड आणून पुन्हा फोन लागेपर्यंत पुण्यात आत्या डोळ्याला पदर लावून बसली होती, शेजारच्या जोशीकाकू धीर द्यायला आल्या होत्या. आजी तेवढ्या शांत. फोन उचलून पहिला प्रश्न काय विचारावा?

"मुलगा कोण आहे?"

सुनंदाने सगळं समजावून सांगितलं. मग मात्र आजी अशा भडकल्या म्हणता! "अगं, मग आधी 'पहिली आली' म्हणायचं, 'पळाली' नंतर! कार्डाचा काही भरवसा आहे का?"

* * *

मी मूळची नागपूरची, त्यामुळे आवाज जन्मजात मोठा. क्रॉस कंट्रीत प्रेक्षकांनाही पळावं लागतं. मुलं झाडीत शिरली की आपण धापा टाकत पलीकडच्या वळणावर जायचं आणि ओरडायचं. एका रेसला गौरी दुसरी होती, पहिलीच्या अगदी टाचेला टाच लावून. मला राहवेना. बेंबीच्या देठापासून ओरडले, "पळ गं पोरी, वाघ लागलाय मागे!"

गौरी दुसरीच आली, तेही अगदी थोडक्यात. पाण्याची बाटली घेऊन मी कौतुकाने जवळ गेले, तर डोळे वटारून म्हणाली, "वर्षामावशी, आय लुक्ड बॅक!"

पुढच्या रेसपासून स्टार्टरची बंदूक वाजायच्या आधी सुनंदा माझ्या तोंडात चिक्कीचा मोठा तुकडा कोंबायला लागली. गुळाची, चांगली चिवट.

* * *

रेसच्या आदल्या संध्याकाळी कोणा एकाच्या घरी पास्ता पार्टी असायची. दुसऱ्या दिवशी अंगात ताकद हवी ना! साठ्यांची पाळी आली ती नेमकी चतुर्थीला. सुनंदाने पास्त्याबरोबर स्वतःपुरती साबुदाण्याची खिचडी केली होती. स्वतःपुरती म्हणजे मराठी स्वतःपुरती, पातेलंभर!

पोरी पास्ता सोडून खिचडीवर तुटून पडल्या. एकीने विचारलं, "हे काय आहे?"

गौरी म्हणाली, "फास्टिंग फूड. मॉम उपास करते तेव्हा खाते."

त्या पोरीने साजूक तूप पाहिलं, दाण्याचं कूट पाहिलं, बटाटे पाहिले. "ही फास्टिंग करते? मग जेवते तेव्हा काय खाते?"

दुसऱ्या दिवशी टीम जिंकली. सोमवारी कोच मिलरनी सुनंदाला गंभीर चेहऱ्याने विचारलं, "ते फास्ट पळण्याचं फूड दर आठवड्याला मिळेल का?" सुनंदाने त्या सीझनभर किलोकिलोने साबुदाणा भिजवला आणि एकालाही खरा अर्थ सांगितला नाही.

* * *

कॉलेजच्या कोचना पाठवायला मुलांची एक पानभर माहिती लागते. उंची, पळण्याच्या वेळा, मार्क, बस्स. गौरीला परीक्षेमुळे वेळ नव्हता, म्हणून विवेक म्हणाला, "मी करतो." ऑफिसमध्ये एवढी डॉक्युमेंट्स लिहिणारा माणूस, कोण कशाला शंका घेईल?

पुण्याहून बहिणीने भाचीच्या लग्नासाठी केलेला बायोडेटा त्याच्याकडे होता. तोच समोर ठेवून त्याने इंग्रजीत मजकूर बसवला. वर्ण गव्हाळ. स्वभाव मनमिळाऊ. मामा दोन, दोघेही उत्तम स्थिरस्थावर. तीन मैलांची वेळ मामांच्या खाली! आणि सर्वांत शेवटी, अपेक्षा: सुसंस्कृत व निर्व्यसनी कॉलेज.

गौरीने पाहिलं तोवर पाकिटं पोस्टात पडली होती. पोर ढसाढसा रडली. "आता मला कोणीही घेणार नाही! यू आर सेंडिंग मी टू पुणे!" त्या दिवशी मला विवेकचा असा राग आला होता, पण त्याचा चेहरा पाहून तोही विरला.

बाकी कोणाचं उत्तर आलं नाही. एकाच ठिकाणाहून फोन आला, डोंगरातल्या एका छोट्या कॉलेजमधल्या कोच पॅटर्सनबाईंचा. म्हणाल्या, "एवढी वर्षं कोचिंग करतेय, पण निर्व्यसनी कॉलेज मागणारं कोणी भेटलं नव्हतं. आमच्याबद्दल मी खोटं बोलणार नाही. पण मुलीची वेळ चांगली आहे. मी पळताना बघायला येते."

तोपर्यंत आजी पुण्याहून इकडे आल्या होत्या. पॅटर्सनबाई स्टॉपवॉच घेऊन वळणावर उभ्या, आणि समोरून गौरी सुसाट! आजी मला म्हणाल्या, "आमच्या वेळी मुलीला चालवून बघायचे. ही बया पळवून बघतेय!"

* * *

मग पॅटर्सनबाई घरी येणार असं ठरलं. सुनंदाचे हातपाय गार. म्हणाली, "वर्षा, तू ये बाई, माझ्याच्याने पोहे धड होणार नाहीत." पोहे मी केले. गौरी गुपचूप खुर्चीच्या कडेवर बसली होती, एरवी सोफ्यावर लोळणारी पोरगी!

पॅटर्सनबाई उंच, काटक, अंगात कॉलेजचा स्वेटशर्ट. दोन बशा पोहे खाऊन त्यांनी सरळ विचारलं, "या घरात निर्णय कोण घेतं?"

विवेकने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने विवेककडे. गौरीने दोघांकडे.

"बरं," बाई हसून म्हणाल्या, "मग सगळ्यांनाच सांगते. आम्हाला गौरी हवी आहे. चारही वर्षांची पूर्ण स्कॉलरशिप."

सुनंदाने तोंडावर हात ठेवला. आणि विवेक, देवा रे, तो विवेक घसा खाकरून काय म्हणाला असेल?

"आम्ही विचार करून कळवतो."

सुनंदाने त्याला चिमटा काढला, तसा तो मराठीत पुटपुटला, "अगं, मुलीकडच्यांनी लगेच हो म्हणायचं नसतं!"

पॅटर्सनबाईंनी बशी खाली ठेवली. "जरूर विचार करा. फक्त जागा एकच आहे, आणि उद्या मी दुसऱ्या मुलीच्या घरी जाणार आहे."

गौरीचा चेहरा पांढराफटक पडला.

कोपऱ्यातून आजींनी विचारलं, "काय म्हणाला हा बावळट?"

मी सांगितलं. आजी उठल्या, देवापुढचा नारळ आणि कुंकवाची कोयरी घेऊन बाईंसमोर उभ्या राहिल्या. "गौरे, विचार यांना. पहिल्या दिवाळीला मुलीला माहेरी पाठवणार का?"

गौरीने इंग्रजीत विचारलं.

"दिवाळी कधी असते?"

"बहुतेक नोव्हेंबरमध्ये."

पॅटर्सनबाईंनी आजींच्या डोळ्यांत बघून मान हलवली. "नोव्हेंबरमध्ये चॅम्पियनशिप असते. माझ्या टीममधलं कोणीही घरी जात नाही. मीसुद्धा नाही. सॉरी."

गौरीने मान खाली घालून मराठीत सांगितलं, "आजी, त्या नाही म्हणतात."

आजींनी बाईंना आपादमस्तक न्याहाळलं. मग त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, मांडीवर नारळ ठेवला आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"सासू खमकी आहे. दिली मुलगी!"