कार्मोसिनाचा वारा

चौऱ्याऐंशी साली आमचं पोत्सुओली गाव खालून वर येत होतं. जमिनीच्या पोटातला तापलेला शिलारस वर रेटत होता, आणि पातेल्यावरचं झाकण उचलावं तसा बंदराचा तळ उचलला जात होता. समुद्र होता तिथेच. धक्क्याच्या भिंतीवरचे शिंपले मात्र पाण्याबाहेर येऊन वाळले होते.

शेजारची कार्मोसिना बाजारात मासे विकायची. तिचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जाई. नवरा प्रोकोलो मात्र मुखदुर्बळ. बाकीच्यांनी आदल्या शरदातच होड्या जवळच्या मिसेनोच्या खोल बंदरात हलवल्या. प्रोकोलो म्हणाला, "जमीन बसेल परत. बाहत्तर साली बसलीच होती की." मार्चपर्यंत होडीचा तळ चिखलात रुतला. पाणी रोज उथळ होत होतं. होडी गेली तर मासे कुठले आणि बाजार कुठला!

एका दुपारी नैर्ऋत्येचा वारा सुटला. लोक खिडक्या लावू लागले. कार्मोसिनाने आमचं दार बडवलं.

"चल गं! पाटी घे, हात घे, नवरा घे!"

"काकी, या वाऱ्यात कुणी होडी बाहेर काढतं का?"

"काढत नाहीत, मोठे शहाणे! अगं, हा वारा पाणी आत कोंबतो. आज नाही तर कधीच नाही."

आम्ही सात-आठ जणी अ‍ॅप्रनसकट धावलो. जाळी, नांगर, बर्फाच्या पेट्या, सगळं धक्क्यावर उतरवलं. पाणी भिंतीवर चढत होतं. वाळलेले शिंपले एकेक करून बुडाले. होडी करकरली.

"इंजिन चालू करू नकोस, पंखा चिखलात मोडेल!" कार्मोसिना होडीवरच्या प्रोकोलोवर ओरडली. "बांबूने रेट! जेवतोस कशाला मग?"

"रेटतोच आहे ना, बाई!"

आम्ही दोर ओढला. माझे तळहात सोलले. होडी एकदम हलली, इतकी हलकी की आम्ही सगळ्याजणी मागे कोसळलो. बंदराच्या तोंडाशी मोठी लाट आली. ती फुटायच्या आत प्रोकोलोने इंजिन सुरू केलं. होडी लाटेवर उभी राहिली, खाली आपटली, आणि पलीकडे खोल निळ्या पाण्यात गेली.

"कार्मोसिना!" तो तिथून ओरडला, "मी घरच्या सपाता घालून आलोय!"

"तसाच जा मिसेनोला! बूट मी बसने आणते!"

ती घरी पळाली, आणि जाता जाता आम्हाला म्हणाली, "बसल्या काय? पेट्या आत न्या, वारा उडवेल."