मागच्या भिंतीतलं दार

अन्नपूर्णेवर त्या दिवसांत माझा राग होता. लेकीच्या लग्नात रीतीप्रमाणे तिची पितळी मूर्ती मीच सासरी पाठवली होती, आणि आता त्याच घरात अन्नावाचून जीव चालला होता. बाळंतपणात लेकीला झटके आले. ती बेशुद्ध होती आणि नातीला वरचं कुठलंच दूध सोसत नव्हतं. पाजलं की उलटून टाकायची. माझा अख्खा जन्म दिल्लीत गेला, पण फरीदाबादच्या त्या नव्या सेक्टरात आमचं असं कोण होतं? अर्धी घरं अजून बांधून व्हायची होती. जावई दुसरं डब्याचं दूध शोधायला दिल्लीला गेले होते. मूर्ती मांडीवर घेऊन मी रुग्णालयातल्या वॉर्डच्या खिडकीशी बसले, डोळे मोठ्या फाटकाकडे लावून. मनात म्हणत होते, बाई, तुझ्या हातात पळी कशाला दिली आहे?

ते रुग्णालय उभं होतं ती जमीन मूळची शेजारच्या गावाची. गावाची जुनी विहीर आवारात आली होती. बाळंतिणीनं वाजतगाजत जाऊन विहीर पुजायची, अशी तिथली रीत. म्हणून मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या भिंतीत गावासाठी एक दार ठेवायला लावलं. आधी त्या दारानं नुसत्या पूजा आल्या, मग हळूहळू गावातल्या सुना बाळंतपणाला येऊ लागल्या. हे सगळं मला नर्सनं मागाहून सांगितलं.

त्या सकाळी मला नुसती ढोलकी ऐकू आली. इथं माझा जीव टांगणीला आणि तिकडे यांची गाणी, म्हणून मी वैतागले. डॉक्टरीणबाईंनी मात्र मागच्या खिडकीतून विहिरीकडे पाहिलं आणि त्या तडक खाली गेल्या. परत आल्या त्या विहीर पुजायला आलेल्या, पिवळ्या ओढणीतल्या एका तरुण बाळंतिणीला घेऊन. बिमला तिचं नाव. तिचं बाळंतपण इथंच झालेलं, तिच्या साऱ्या तपासण्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक. मागे तिची सासू, कडेवर नातू घेऊन. मी हात जोडले. बिमलानंच हात पुढे केले.

"ल्याओ जी, मन्ने दे द्यो."

नात प्यायली. मी डोळे मिटून उलटी होण्याची वाट पाहत राहिले. झाली नाही. पोर तशीच झोपून गेली, आणि मी भिंतीला टेकून पोटभर रडले.

लेक शुद्धीवर येऊन सावरेपर्यंत बिमला रोज मागच्या दारानं येत राहिली. निघायच्या दिवशी मी तिची ओटी भरली. तिला आपली रीत काय ठाऊक, पण ओढणी अगदी नेमकी पसरली तिनं. मग तिच्या सासूनं माझ्या लेकीच्या विहीरपूजेचा विषय काढला. त्यांच्यात विहीर पुजतात ती मुलगा झाला तरच, हे एव्हाना माझ्या कानावर आलं होतं. मी तसं म्हटलं. म्हातारीनं मला हातानंच गप्प केलं.

"दूध म्हारे घर का पिया सै. छोरी म्हारी सै. कुआँ पूजैगी."

लेक बिमलाच्या खांद्यावर हात ठेवून विहिरीपर्यंत चालत गेली. गावच्या बायका गायल्या. मी काठावर अन्नपूर्णा ठेवून हळदकुंकू वाहिलं. राग कधीच ओसरला होता. मी मोठ्या फाटकाकडे डोळे लावून बसले होते, आणि ती मागच्या दारानं गात आली होती. आजही मी तिच्याकडे मागते, मागायला मुळीच लाजत नाही. फक्त कुठल्या दारानं यायचं, हे तिला सांगत बसत नाही.