बाबांची मे महिन्यातली दिवाळी

मे महिन्यात शहाणी माणसं महाबळेश्वर गाठतात. आम्ही दोघा भावंडांनी यंदा भर उन्हात घाटकोपर ते घाटकोपर असा दोन दिवसांचा प्रवास केला, व्हाया पार्ले, मालाड, बोरिवली आणि मुलुंड. ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. हसू देत. ही आमच्या बाबांची दिवाळीची फेरी होती.

थोडं मागचं सांगते. बाबा वीसेक वर्षं मस्कतला होते, विजेच्या सामानाच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. रजा वर्षातून एकदा, एक महिना. ती दिवाळीत घेतली तर निम्मे दिवस आम्ही शाळेत असणार, म्हणून ते मे महिन्यात यायचे. मग दिवाळीचं काय करायचं? ती त्यांनी सरळ उचलून मे महिन्यात आणून ठेवली. आल्या आल्या पार्ल्यात फराळ, मालाडला कंदील, बोरिवलीच्या घरी पहाटेची अंघोळ आणि शेवटी मुलुंडला आत्याकडे भाऊबीज. खऱ्या दिवाळीला आई दारात चार पणत्या लावायची, पण आमची दिवाळी ती नव्हे. आमची दिवाळी घामाने निथळत यायची.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बाबा गेले. त्यानंतर वर्षभर सण नव्हता. वर्षश्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात निखिलचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, बाबांची फेरी मारूया का एकदा?"

हे त्याला एकाएकी सुचलं नव्हतं. त्याला मस्कतचीच नोकरी चालून आली होती. पगार इथल्या दुप्पट, पण एकट्याने जायचं. त्याची बायको श्वेता इथे शाळेत शिक्षिका, मुलगी इरा नुकती दुसरीत जाणार. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्याने जाऊ नये असं मला अगदी मनापासून वाटत होतं. पण कुठल्या तोंडाने सांगणार? आम्ही दोघं शिकलो ते मस्कतच्याच पगारावर.

शनिवारी सकाळी मी घरून, म्हणजे घाटकोपरहून, मेट्रोने अंधेरी गाठली. निखिल तिथेच राहतो. श्वेता इराला घेऊन माहेरी गेली होती, त्यामुळे साहेब मोकळे. रिक्षाने पार्ल्याला गेलो. कुणाला असं फिरायचं असेल तर एक सल्ला, मे महिन्यात अकराच्या आत बाजार उरका आणि गाडी नेऊ नका. पार्ल्यात गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा दिवस जातो. चकली, चिवडा बारमाही मिळतो. करंज्या मात्र मागितल्या तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"करंज्या आत्ता? डोहाळजेवण आहे का कुणाचं?"

"दिवाळी आहे," निखिल म्हणाला.

त्यांनी शेव आणि करंज्या बांधून देताना दोनदा आमच्याकडे बघितलं. मग समोरच्या टपरीवर आम्ही कटिंग चहा घेतला. बाबाही घ्यायचे, आणि पहिल्या घोटाला न चुकता म्हणायचे, "तिकडे सगळं मिळतं, हा मिळत नाही."

अंधेरी वेस्टहून मालाड वेस्टला पुन्हा मेट्रो. वीस-तीस रुपयांत गारेगार प्रवास, खाली रस्त्यावर ट्रॅफिकची वाट लागलेली दिसत असते. मालाडच्या बाजारात कंदिलाचं दुकान असं काही नाही. एक सजावटीचं दुकान आहे, तिथे या दिवसांत लग्नाची तोरणं आणि मुलांच्या वाढदिवसाचे फुगे मिळतात. दुकानदाराने आम्हाला ओळखलं.

"अरे, काका नाही आले? मागच्या मे महिन्यात पण नाही आले."

निखिलने सांगितलं. दुकानदाराने हातातली कात्री खाली ठेवली. मग शिडी लावून स्वतः माळ्यावर चढला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कंदील घेऊन उतरला, केशरी कागदाचा, साधा, बाबांना आवडायचा तसला.

"दिवाळीचा माल संपला तरी एक ठेवतो मी. मे महिन्यात कंदील घेणारं गिऱ्हाईक एकच ना!"

त्याने पैसे मात्र घेतले, उगाच नाटक केलं नाही. मला ते बरं वाटलं. बाहेर आल्यावर निखिलने गर्दीत चुरगळू नये म्हणून कंदील डोक्यावर धरला.

संध्याकाळी बोरिवलीला पोचलो. आईने दार उघडलं, कंदील बघितला आणि म्हणाली, "वायर आणलीत का? जुनी उंदराने कुरतडली." झालं, आमचं स्वागत संपलं. आमची आई अशीच आहे. पण जेवायला बसलो तर ताटात अनारसे होते. म्हणजे बाईसाहेबांनी तांदूळ चार दिवस आधीच भिजत घातले होते.

रविवारी पहाटे उटणं. मे महिन्यात गरम पाण्याने अंघोळ म्हणजे शिक्षाच, पण बाबांचा नियम होता. नरक चतुर्दशीला कारीट नावाचं कडू फळ पायाच्या अंगठ्याने फोडतात. मे महिन्यात कारीट कुठून आणणार? म्हणून पहिल्याच वर्षी बाबांनी भाजीच्या टोपलीतलं तोंडलं उचललं. तेव्हापासून आमच्याकडे नरकासुर तोंडल्याचा. निखिलने तुळशीपाशी तोंडलं ठेवून अंगठा दाबला. ते सटकन निसटलं आणि फ्रिजखाली गेलं. आम्ही तिघं इतके हसलो की आईला खुर्ची धरून बसावं लागलं.

हसू ओसरल्यावर निखिलने विषय काढला. "आई, बाबांनी निभावलंच ना सगळं? आम्हाला कधी काही कमी पडलं का? मग मी गेलो तर काय बिघडलं?"

आई गॅलरीत लावलेल्या कंदिलाकडे बघत होती.

"काही कमी पडू दिलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "पण एक सांगते. रिटायर होऊन आले, त्या वर्षीची पहिली खरी दिवाळी. पहाटे अंघोळ करून इथे उभे राहिले. समोरच्या सगळ्या बिल्डिंगींवर कंदील लागलेले. बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, 'अगं, सगळ्यांकडे एकाच वेळी असते.'"

"मग?"

"मग काय! चहा प्यायले."

हे मला माहीत नव्हतं. परत आल्यावर त्यांच्या वाट्याला आल्या त्या फक्त दोन खऱ्या दिवाळ्या. निखिल फ्रिजखालून तोंडलं काढायला झाडू घेऊन गेला आणि तिथेच वाकून बसला.

बोरिवली आणि मुलुंड खरं म्हणजे पाठीला पाठ लावून बसलेत, मधे फक्त नॅशनल पार्कचे डोंगर. पण डोंगरातून काही जाता येत नाही. टॅक्सीने हायवे, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, असा वळसा पडतो. रविवार म्हणून दीड तासात पोचलो. आईही बरोबर होती, मांडीवर फराळाचा डबा धरून.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत. पाट, रांगोळी, निरांजन सगळं मांडून तयार होती. मी समजले ती बाबांच्या फोटोला ओवाळणार. तिने तबक माझ्या हातात दिलं.

"माझा भाऊ गेला. तुझा बसलाय ना समोर? ओवाळ त्याला."

निखिल पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या. पुढच्या वेळी हा पाट रिकामा असेल असंच डोक्यात होतं. निखिलने सहज विचारलं, "आत्या, खऱ्या भाऊबिजेला तू काय करायचीस गं?"

"भाऊ जवळ नसला की बायका करतात तेच. गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायचं." तिने खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवलं. "बिजेची कोर ती केवढीशी! मी दोन जिने चढून जाईपर्यंत डोंगराआड जायला निघालेली असायची. आणि चंद्राला ओवाळलं तरी त्याला जेवून जा म्हणता येत नाही रे."

ती सुस्कारा बिस्कारा टाकून बोलली नाही. मसालेभातावर तूप वाढता वाढता बोलली. निखिलने ओवाळणी म्हणून माझ्या तबकात पाकीट ठेवलं आणि हात तसाच तबकावर राहू दिला.

"ताई, खऱ्या भाऊबिजेलाही ताट वाढ. तुझ्या घरी, घाटकोपरला. मी आहे."

"मस्कत?" मी विचारलं.

"बाबा जाऊन आले ना," तो म्हणाला, "आपल्या सगळ्यांच्या वाटचं."

आईने त्याच्या पानात न विचारता आणखी एक करंजी वाढली.

मुलुंडहून घाटकोपर म्हणजे जवळच. संध्याकाळी घरी येऊन पंख्याखाली पडले. दोन दिवसांत पाय दुखले, त्वचा काळवंडली, आणि फारसा खर्च न करता मी बाबांना भेटून आले. निखिल जाणार नाही याचा आनंद इतका झाला की बाबा तिकडे एकटे काय काय बघत राहिले असतील याचं वाईट वाटायला दुसरा दिवस उजाडला. मग मात्र खूप रडले. त्यांनी दिवाळी आमच्यासाठी हलवली होती. स्वतःची कुठे ठेवली होती, ते आम्ही कधी विचारलंच नाही.

सोमवारी निखिलने नकार कळवला. मंगळवारी आईला फोन करून विचारलं, कंदील उतरवायला येऊ का?

"राहू दे," ती म्हणाली. "समोरच्या नवीन बाईंनी विचारलं, मे महिन्यात कंदील कसा? म्हटलं, आमच्याकडे दिवाळी वर्षातून दोनदा असते. एक त्यांची, एक सगळ्यांची."