करवत खाते तेवढं

गोडादऱ्यात राहतो. सत्तावीस वर्षं मी मिलच्या घडी खात्यात कापड मोजलं आणि कापलं. ते खातं बंद झालं तेव्हा वय एकोणपन्नास. त्याच सुमारास बमरोलीत सुतारकामाचा सहा महिन्यांचा वर्ग निघाला. वीस नावं झाल्याशिवाय तो सुरू होणार नव्हता आणि माझं धरून एकोणीसच भरली होती. विसावं नाव मी बायकोचं दिलं. ती घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. चार दिवस येऊन बसेल, एवढाच माझा अंदाज.

ती नुसती बसली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून गुजराती मास्तर तिचा रंधा बघायला बाकीच्यांना बोलावू लागले. तिच्या रंध्यातून लांब, पातळ सालपट निघायचं. माझा रंधा अडखळायचा. मला ते सहन होईना. घरी ती वर्गातलं काही बोलायला लागली की मी ताटात बघून जेवायचो.

परीक्षेला प्रत्येकाने एक स्टूल करायचं होतं. सचिन गावातल्या एका फर्निचर कारखान्यात एकच जागा होती. ज्याचं स्टूल सरस, त्याचं नाव मास्तर तिथे देणार होते. ती जागा मला हवी होती.

एकशे ऐंशी सेंटिमीटरची पट्टी, पंचेचाळीसचे चार पाय. मी तिन्ही खुणा एकदम केल्या आणि कापत गेलो. घडी खात्यात असंच करायचो, कारण कात्री कापड खात नाही. करवत खाते, दर कापाला दोन मिलिमीटर. पहिला पाय बरोबर आला, बाकीचे तीन आखूड. तिने पहिला पाय किंचित कमीच कापला आणि दर कापानंतर तोच लाकडावर ठेवून पुढची खूण केली.

मास्तरांनी माझ्या स्टुलावर हात टेकला. ते डुगडुगलं.

"भाई, हिसाब साचो, लाकडुं खोटुं."

वर्ग हसला. तीही हसली. नाव तिचंच गेलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, मी मास्तरांना सांगते, यांना घ्या म्हणून. माझ्या टिकल्या आहेतच."

ती भाजी आणायला गेली तेव्हा मी तिचं घरी आणलेलं स्टूल उलटं केलं आणि एकेक पाय पट्टीने मोजला. चौथा अर्धा मिलिमीटर कमी निघाला. खरं सांगतो, मला आनंद झाला. मान वर केली तर ती पिशवी घेऊन दारात उभी.

"सापडलं का काही?"

"अर्धा मिलिमीटर."

"मग सांगू ना मास्तरांना?"

तिने पिशवी खाली ठेवली नव्हती. माझी चूक दोनची, तिची अर्ध्याची. यात हिशेब करण्यासारखं काही नव्हतं, तरी "नको, तूच जा" म्हणायला मला फार वेळ लागला.

आता ती रोज सचिनला जाते. संध्याकाळी येते तेव्हा तिच्या केसांत भुसा असतो. बाहेर झटकून ये, असं मी तिला सांगतो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, जरा मोठ्यानेच.