विहीणबाई आणि दोन सायकली

तुमच्या एकोडीच्या आजीने मला जितका मान दिला तितका जगात कुणी कुणाला दिला नसेल, आणि त्या मानाने मी जितकी दमले तितकी पस्तीस वर्षं भंडाऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवूनही दमले नव्हते. एकोडीची आजी म्हणजे तुमच्या आईची आई, माझी विहीण. व्हिडिओवर त्या कपाळापर्यंत पदर ओढून 'जेवले का बाप्पा' एवढंच विचारतात आणि फोन दुसऱ्या कुणाच्या हातात देतात, म्हणून तुम्हाला त्या गरीब स्वभावाच्या वाटतात. तीन महिने त्यांच्यासोबत एका घरात राहिल्यावर मी सांगते की तसं काही नाही. इतकी हट्टी बाई मी पाहिलेली नाही. फक्त त्यांचा सगळा हट्ट स्वतः खाली बसण्यासाठी आणि मला वर बसवण्यासाठी असतो.

त्या माझ्याकडे राहायला आल्या त्या उजव्या गुडघ्यामुळे. नागपूरला ऑपरेशन करून नवा गुडघा बसवला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा आम्ही दिला, वाकवायचा तुम्ही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाकला तर वाकला, नाहीतर जाम होईल. एकोडीत रोज घरी येऊन व्यायाम करून घेणारं कुणी नाही, भंडाऱ्यात आहे. तुमची आई तिकडून फोनवर रडली, मी म्हटलं पाठवून दे. पण विहीणबाई चार दिवस तयारच होईनात. लेकीच्या सासरी आईबापांनी मुक्काम करायचा नाही अशी त्यांच्याकडची जुनी रीत. 'पाहुनी म्हून दोन दिस ठीक हाये, इहीनबाई. बिमार म्हून कोन येते?' इहीनबाई म्हणजे मी. शेवटी आल्या त्या आपल्या शेतातल्या तांदळाचं पोतं, आपला पितळी तांब्या आणि एक अट घेऊन. रोवणीला परत जायचं. रोवणी म्हणजे धानाची रोपं उपटून चिखलात लावायची ती. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, एकही रोप त्या समोर असल्याशिवाय लागलेलं नाही. आता रोवायला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त बांधावर उभं राहून रोवणाऱ्या बायांवर ओरडायचं होतं. 'बोंबलाले बी पाय लागते,' त्या म्हणाल्या. चिखलातल्या बांधावर आखडलेल्या गुडघ्याने उभं राहता येत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिल्याच दिवशी बसण्याचा प्रश्न निघाला. मी मुलाची आई, त्या मुलीची. मी खुर्चीवर असताना त्या खुर्चीवर बसणार नाहीत. एरवी जमिनीवर बसल्या असत्या, पण डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केलेली. मग त्या उभ्याच राहिल्या, नव्या गुडघ्यावर, भिंतीला हात लावून. मी म्हटलं, 'विहीणबाई, तुम्ही माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या आहात.' त्या म्हणाल्या, 'वयानं हावो मी. मानानं तुमी.' मी माझ्या खुर्चीत एक उशी घातली. त्यांनी नजरेने अंदाज घेतला आणि म्हणाल्या, 'अजून एक घाला.' दुसरी घातल्यावर त्या समोरच्या खुर्चीत टेकल्या. तेव्हापासून मी दोन उशांवर बसून, पाय अधांतरी लोंबकळत ठेवून वर्तमानपत्र वाचत असे. माझी पाठ धरली. ते मी त्यांना सांगितलं नाही, कारण मग त्या पुन्हा उभ्या राहिल्या असत्या.

जेवणाचंही तेच. मी साडेबाराला जेवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या आयुष्यभर दहाला जेवलेल्या. माझ्याआधी जेवणार नाहीत, आणि भूक लागली असंही म्हणणार नाहीत. फक्त दहापासून दर पंधरा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायच्या, 'काई घाई नाई.' आठवड्याभरात मी दहाला जेवायला लागले आणि दुपारभर पित्ताने हैराण झाले. पंखा माझ्या अंगावर वळवलेला असे. मला पंख्याचं वारं सोसत नाही, आणि त्या मात्र मे महिन्यात, भंडाऱ्याच्या उन्हात, पदराने घाम टिपत बसलेल्या. 'तुमी मोठ्या. पंखा पयले तुमचा.' कोणत्याही माणसाला अशा थोरपणाखाली तीन महिने ठेवून पाहावं. खोकला येतो.

व्यायाम करून घ्यायला रोज एक फिजिओथेरपिस्ट मॅडम येत. त्यांच्याकडे गुडघ्याचा कोन मोजायची प्लॅस्टिकची पट्टी होती. तीन आठवडे झाले तरी आकडा हलेना, तेव्हा त्यांनी घरात व्यायामाची सायकल आणायला सांगितलं, जी जागच्या जागी फिरते ती. तुमच्या बाबांनी लगेच तिकडून माहिती पाठवली. दोन प्रकार असतात. एक उभी, साध्या सायकलीसारखी, उंच सीटवर बसून चालवायची. दुसरी पाठ टेकायची, जिच्यात खुर्चीसारखं मागे रेलून पाय समोर लांब करायचे. मी एका कागदावर मधोमध रेघ मारली आणि दोन्हींचे गुणदोष लिहून काढले. उभीला जागा कमी लागते, पण चढायला टांग वर टाकावी लागते. दुसरीला जागा जास्त लागते, पण त्यांच्या लुगड्यात बसायला सोपी, पाठीला आधार, सीट मागेपुढे सरकते, त्यामुळे गुडघा हवा तेवढाच वाकवता येतो. कागद स्पष्ट सांगत होता, पाठ टेकायची घ्या. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'अन तुमी कोठी बसान?'

तो प्रश्न मी मनावर घेतला नाही, ही माझी चूक. रिक्षा करून आम्ही दुकानात गेलो. दोन्ही सायकली समोर मांडलेल्या. दुकानदाराने मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांना उभीकडे नेलं. त्यांनी सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'इहीनबाई खाली, अन मी इतकी वर? नवरदेव हावो का मी, घोड्यावर चढाले?' दुकानदार म्हणाला, 'मग ही घ्या आजी, ही खाली आहे.' पाठ टेकायच्या सायकलीवर त्या आनंदाने बसल्या, पाय पेडलवर ठेवले आणि ताबडतोब काढून घेतले. पाय सरळ माझ्याकडे होत होते. मुलांनो, आपल्याकडे मोठ्या माणसाकडे पाय करून बसत नाहीत. विहिणीकडे तर नाहीच. दुकानदाराने बिचाऱ्याने सायकल फिरवली. तिकडे भिंतीवर देवाचा फोटो. पुन्हा फिरवली. तिकडे आरसा, आणि आरशात मी. मी उठून सायकलीच्या मागे जाऊन उभी राहिले. 'आता पाठ करू का तुमच्याकडं?' शेवटी दुकानदाराने सायकल रस्त्याकडे तोंड करून ठेवली. त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'त्याईनं काय बिघडवलं माह्यं?' आम्ही काही न घेता घरी आलो. दुकानदाराने पाणीसुद्धा विचारलं नाही. मी त्याला दोष देत नाही.

आणखी दहा दिवस गेले. एका सकाळी मॅडमनी पट्टी लावली, आकडा पाहिला आणि पट्टी पर्समध्ये ठेवून दिली. 'आजी, गुडघा जाम होऊन राहिला तुमचा. असंच चाललं तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल. मग रोवणी विसरा या वर्षी.' मॅडम गेल्यावर विहीणबाई खिडकीशी उभ्या राहिल्या, आणि मी समोर दोन उशांवर बसलेली असूनही त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मला राग आला. इतका की शाळेतला आवाज निघाला. 'विहीणबाई, तुम्हाला एकोडीला जायचं आहे की नाही?'

'जायचं हाये ना.'

'मग माझ्याकडे पाय करून बसा. माझी परवानगी आहे. लिहून देते हवं तर.'

'तुमी देसान. मी घेईन का?' त्या म्हणाल्या. मग तिरकस हसत, 'तुमीच बसा ना त्या घोड्यावर. मंग मी बसीन खालच्यावर, तुमच्या बाजूले.'

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं होतं. साठी उलटून नऊ वर्षं झालेली, शिस्तीची, गुडघे धड असलेली मास्तरीण कशाला सायकलवर चढते. पण मी त्या वाक्यावर विचार केला आणि मला त्यात काही दोष सापडेना. मी उंच, त्या खाली. दोघींची तोंडं एकाच दिशेला, म्हणजे पाय माझ्याकडे नाहीत, पाठही माझ्याकडे नाही. मी दुकानात फोन केला आणि दोन्ही सायकली मागवल्या. तुमच्या बाबांनी विचारलं, 'आई, दोन कशाला? एक निवडायची होती ना?' मी म्हटलं, 'निवडून झालं.'

सायकली मागच्या खोलीत खिडकीसमोर ठेवल्या. विहीणबाईंनी आधी चौकशी केली. 'या खिडकीच्या पल्याड काय हाये?' कंपाउंडची भिंत. 'भिंतीपल्याड?' रिकामा प्लॉट. 'प्लॉटचा मालक?' पुण्याला असतो. मग त्यांनी आपली सायकल माझ्यापेक्षा हातभर मागे घ्यायला लावली आणि बसल्या.

सुरुवातीला पूर्ण फेरा होत नव्हता. पाय अर्ध्यात अडायचा. अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे, असं मॅडमनी शिकवलं होतं. त्यांच्या तोंडून आवाज निघत नसे, फक्त पदर दातात धरलेला असे. सहाव्या दिवशी पाय वरून पलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पोत्यातले तांदूळ काढून दिले आणि माझ्या आवडीची खीर माझ्याकडूनच करवून घेतली, दहा वाजता.

मग माझे हाल सुरू झाले. मी चढल्याशिवाय त्या बसत नसत आणि मी थांबले की थांबत. त्यांना सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं सांगितलेली, म्हणजे मलाही वीस-वीस मिनिटं. सायकलींच्या पडद्यावर वेग आणि अंतर दिसतं. त्यांना आकडे चांगले कळतात. माझा आठ असला तर त्यांचा सात. मॅडम म्हणाल्या, 'आजी, आता वेग वाढवा.' त्या म्हणाल्या, 'याईच्या पुढं कशी जाऊ?' मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी वाढवला. त्यांच्या गुडघ्याची प्रगती अशा रीतीने माझ्या मांड्यांवर येऊन पडली. रात्री मी पायांना तेल लावून झोपत असे आणि सकाळी कठडा धरून जिना उतरत असे. ऑपरेशन झालेली बाई माझ्यापुढे तरातरा चालायची, म्हणजे चालली असती. ती माझ्या मागे चालत होती.

अंतराचा त्यांनी रस्ता करून टाकला. रोजचे किलोमीटर मनात जोडत त्या घराकडे निघालेल्या असत. कधी म्हणायच्या, 'लाखनी आली, इहीनबाई. च्या घेऊ.' चहा खरोखर प्यावा लागे. आठवड्याभरात साकोली यायची. साकोलीला हमरस्ता सोडून एकोडीकडे वळायचं, पण तिथे त्या आम्हा दोघींना परत फिरवायच्या. मी पहिल्यांदा विचारलं, 'का हो, घरी नाही न्यायचं मला?' त्या गंभीरपणे म्हणाल्या, 'तुमाले अशी कशी नेऊ? घरी सांगितलं नाई. लुगडं आनलं नाई, पाय धुवाले कोनी नाई. सुनेनं आंगन सारवलं का नाई, काय मालूम.' मग आम्ही रिकाम्या प्लॉटकडे तोंड करून पुन्हा भंडाऱ्याला यायला निघत असू. असं दोन वेळा झालं.

तिसऱ्या वेळेची गोष्ट. सकाळीच तुमच्या मामाचा फोन आला होता की रोपं तयार आहेत, बाया ठरल्यात, आई कशी आहे. विहीणबाई फोन ठेवून नेहमीसारख्या माझ्या मागून खोलीत आल्या, मी चढल्यावर बसल्या. माझे पाय त्या दिवशी शिशाचे झाले होते. दहा मिनिटांनी माझा वेग कमी झाला, मग मी थांबलेच. त्यांना सांगायला तोंड उघडलं, तर त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. 'हे साकोली,' स्वतःशीच म्हणाल्या. मी वाट पाहिली की आता म्हणतील, चला परत. म्हणाल्या नाहीत. 'तलावाले पानी बरं आलं,' म्हणाल्या. थोड्या वेळाने, रस्त्याकडेची धानाची रोपं पाहिल्यासारखं, 'याईचे पऱ्हे पिवळे काहून पडले?' गुडघा वर येत होता, पलीकडे जात होता, पुन्हा वर येत होता, एकदाही अडत नव्हता. त्यांच्या पडद्यावरचा अंतराचा आकडा माझ्या आकड्याएवढा झाला आणि मग पुढे गेला.

मी सीटवर तशीच बसून राहिले, आवाज न करता. मी एक शब्द बोलले असते तर त्यांच्या लक्षात आलं असतं की त्या मला मागे टाकून गेल्या आहेत, आणि त्या तेवढ्या रस्त्याने माघारी आल्या असत्या. एकोडी साकोलीहून फार लांब नाही. मी त्यांना घरी पोचू दिलं.

तुमचा मामा गाडी घेऊन आला, तो त्यानंतर चार दिवसांनी.